झोळ्यांची शाळा

खोरवस्तीवर अभिजितला सुरुवातीला कुणी गुरुजी म्हणत नव्हतं, सर तर नाहीच नाही. वस्तीवरची माणसं त्याला मालक म्हणायची. पोरंसुद्धा वर्गात हात वर करून विचारायची, "मालक, पानी पिऊन येऊ?" आणि हा चोवीस-पंचवीस वर्षांचा, नाकावर चष्मा घसरणारा पोरगा कपाळावर हात मारून घ्यायचा.

त्यात चूक त्याचीच होती. खोरवस्ती आमच्या जिंतूर तालुक्याच्या अगदी टोकाला, येलदरी धरणाच्या फुगवट्यापलीकडं. वस्तीच्या मागची टेकडी उतरली की हिंगोली जिल्हा. नकाशात वस्ती परभणीत, पण गाडी जाईल असा जो काय रस्ता होऊ शकतो तो हिंगोलीतून. त्यामुळं परभणीवाले म्हणतात रस्ता त्यांचा, हिंगोलीवाले म्हणतात माणसं त्यांची, आणि माणसं पावसाळाभर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून बाजाराला येतात. पलीकडं चार इयत्तांची एक शाळा. ती माझ्या केंद्राखाली यायची. मी अलीकडच्या गावातल्या केंद्रशाळेची मुख्याध्यापिका. त्या शाळेवर नेमणूक झालेला माणूस पहिल्यांदा पाणी बघायचा आणि दुसऱ्याच दिवशी बदलीच्या मागं लागायचा. म्हणून सांगलीकडचा एक पोरगा येतोय म्हटल्यावर मी मनात त्याला निरोपाचा नारळ देऊनसुद्धा टाकला होता.

तर हा आला आणि पहिल्याच पालकसभेत, ओळख वाढावी म्हणून, मोठ्या प्रेमानं म्हणाला, "मी तुमच्या ओळखीच्याच भागातला आहे. आमचा घरचा ऊस आहे. तुमच्यातले काही जण आमच्याकडं तोडायला आलेही असतील."

बसलेली सगळी माणसं उभी राहिली.

खोरवस्तीवर ज्याच्या हातापायात बळ आहे तो दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो. मुकादमाचा ट्रक हिंगोलीच्या बाजूच्या, पावसानंतर वाळलेल्या गाडीवाटेनं येतो आणि वस्ती भरून नेतो, ती पाडव्याच्या पुढं परत येते. तिकडं ज्याचा ऊस तो मालक. मालक बांधावर आला की उठून उभं राहायचं, हे त्या माणसांच्या अंगात इतकं भिनलेलं की शाळेच्या ओट्यावरसुद्धा ती बसून राहू शकली नाहीत. दुसऱ्या दिवशी गयाबाई म्हणून एक म्हातारी पदराखाली कोंबडी घेऊन आली. बांधावर कोपी, म्हणजे उसाच्या पाल्याचं खोपट, घालू द्यायचं तर तोडकऱ्यांकडून कोंबडी मागणारे मालक तिनं जन्मभर बघितलेले. याला वाटलं, म्हातारी विकायला आली. मग उलगडा झाला तेव्हा त्यानं लाजून कोंबडी परत केली. तिसऱ्या दिवशी ती त्याहून मोठी कोंबडी घेऊन आली. तिला वाटलं, पहिली बारीक होती.

ती मोठी कोंबडी अखेर शाळेतच राहिली. ती फळ्यामागं अंडी घालायची आणि हा ती उकडून पोरांना द्यायचा.

मला त्यानं ही हकिगत सांगितली तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. तो हसला नाही. "मॅडम, कोंबडी मागणाऱ्यांत आमचे आण्णापण असतील हो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, मला मॅडम नको, बाई म्हण. त्या दिवसापासून बाई.

दिसायला तसा काही लक्षात राहील असा नव्हता. उंच, किडकिडीत, पुढं वाकून चालणारा. अक्षर इतकं भयंकर की तिसरीतल्या पोरी त्याच्या हातातून खडू काढून घ्यायच्या आणि फळ्यावर सुविचार स्वतः लिहायच्या. उसाच्या गावचा, पण चहा बिनसाखरेचा. आमच्या शाळेतले गुरुजी त्याला चिडवायचे, घरी गोडाचा कंटाळा आला काय. तर लहानपणी ऊस चघळून चघळून दाढा किडल्या, हे साधं कारण. शाळेत एकुलती एक खुर्ची होती. तिच्यावर पाण्याचा माठ असायचा आणि हा खाली पोरांत. माणसं राग आला की बाह्या वर करतात, याचं उलटं. कामाला लागताना बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि राग आला की त्या हळूहळू खाली सोडायचा, मनगटाचं बटण लावायचा आणि अगदी बारीक आवाजात बोलायचा. हे मी फार थोड्या वेळा पाहिलं.

आणि त्याचं ते "करू की." पावसाळ्यात शाळेत कसा जाणार? जाऊ की. छत गळतंय. बघून घेऊ की. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, चारही वर्ग एकट्यानं कसे घेशील? घेऊ की. मला सुरुवातीला या "की"चा संताप यायचा. वाटायचं, नवीन आहे, अजून सरकारी खात्याचं पाणी लागलेलं नाही.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर ट्रक आला आणि शाळेतली जवळजवळ सगळी पोरं घेऊन गेला. हा रिकाम्या वर्गात कोंबडीबरोबर राहिला. तेव्हा एकदा माझ्या शाळेत येऊन बसला आणि बोलायला लागला. त्यांच्या शेतात तोडणी असायची तेव्हा हा सायकलवरून शाळेला निघायचा. बांधावर त्याच्याच वयाची एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी असायची. शाळेतून परत यायचा तेव्हाही ती तिथंच. उसाच्या पाचटानं पाय कापलेले. त्यानं वडलांना विचारलं, ही शाळेत का जात नाही? आण्णा म्हणाले, ते तोडकरी आहेत.

"आणि म्हणून तू मास्तर झालास," मी म्हटलं.

"छे हो बाई. इंजिनिअरिंगला मार्क कमी पडले म्हणून झालो."

गोदा त्याला पुढच्या पावसाळ्यात सापडली. गोदा म्हणजे त्या कोंबडीवाल्या गयाबाईची नात. तिसरीत नाव होतं, पण ती वर्गात कधी येत नसे. आई कमल दिवसभर कापूस-सोयाबीनच्या निंदणीला, आणि धाकटा भाऊ बाळ्या गोदाच्या कमरेवर. ती खिडकीच्या बाहेर उभी राहायची. आत पाढे चालले की बाहेरून ओठ हलवायची.

"आत ये की," अभिजित म्हणाला.

"ल्हानगं रडायलंय."

"मग त्यालापण आण की."

"वर्गात? अन् रडलं तर? समदे रागावतेत."

यानं स्वतःची चादर आणली, छताच्या लोखंडी पट्टीला दोन गाठी मारून झोळी टांगली आणि बाळ्याला आत टाकलं. झोका देत बसली तर गोदा लिहिणार कशी, हा प्रश्न गोदानंच सोडवला. शेताच्या बांधावर ती जे करायची तेच तिनं इथं केलं. झोळीला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं आणि पाय हलवत पाटी पुढ्यात घेतली.

महिनाभरात छताची पट्टी झोळ्यांनी भरली. ज्या पोरी वर्षानुवर्षं पटावर नावापुरत्या होत्या त्या आपापली भावंडं घेऊन आत आल्या. लुगड्याच्या झोळ्या, धोतराच्या झोळ्या, एक तर खताच्या पोत्याची. मी पाहायला गेले तेव्हा दारातच थबकले. माझ्या सबंध नोकरीत इतका शांत वर्ग मी पाहिला नाही. लेकरं उठू नयेत म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलत होते. पाढेसुद्धा अंगाईच्या चालीवर. दोऱ्या हलत होत्या, पेन्सिली चालत होत्या, आणि हा मधे बसून एका हातानं झोळी हलवत चौथीला भागाकार सांगत होता. मी काहीतरी बोलायला लागले तर दोन पोरींनी एकदमच ओठांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापिकेला गप्प बसवणारी ती पहिली शाळा.

पण त्याचा डोळा होता दिवाळीवर. आई-बाप तोडीला गेले तरी मुलांना मागं गावात ठेवायचं आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय सरकारनं करायची, अशी एक योजना आहे. चांगली योजना आहे. खोरवस्तीवर तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. हा घरोघर फिरला. कमल म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण त्या दिवशी मी बरोबर होते.

"मालक, आमी नवरा-बायकू फडात. कोपीवर चुलीपाशी कोन? बाळ्याला कोन धरीन? हौस हाय का आमाला लेकरं न्यायची?"

"बाळ्याचं अंगावरचं दूध सुटलंय ना? त्याला इथंच ठेवा. रात्री आजीजवळ, दिवसा शाळेत झोळीत. मग गोदाला न्यायचं कारणच काय उरलं?"

 कमलनं सासूकडं बघितलं. गयाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी हाय."

त्या वर्षी ट्रक गेला तेव्हा शाळा भरलेलीच राहिली. संध्याकाळी हा सगळ्या पोरांना टेकडीवर घेऊन जायचा, कारण रेंज तिथंच. फोन एकेकाच्या कानाला लावायचा. तिकडून आया रडायच्या, इकडून पोरं काय जेवलो ते सांगायची. पाडव्यानंतर कमल परत आली तेव्हा बाळ्या अंगणात पळत होता. तिनं हात पुढं केले तर तो गोदाच्या मागं लपला. कमल शाळेत आली आणि ओट्यावर बसून हसायला आणि रडायला एकदमच लागली.

"गुर्जी, वळखंना की वो मला. माझंच लेकरू."

अभिजित कावराबावरा झाला. त्यानं मला नंतर विचारलं, "बाई, मी चूक केली का हो?" मी म्हटलं, तिनं तुला गुरुजी म्हटलं, ऐकलंस का? त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि गोदा, जी खिडकीबाहेर ओठ हलवायची, ती त्या उन्हाळ्यात गयाबाईला एसटीच्या पाट्या वाचून दाखवायला लागली होती. जिंतूरच्या स्टँडवर म्हातारी मुद्दाम प्रत्येक गाडीपुढं उभी राहायची. "हे कुठं जायली? अन् ती?" ऐकणारे कंटाळायचे, तिची हौस फिटायची नाही.

इथंपर्यंतचं मी हसत सांगते. पुढचं सांगताना अजूनही माझा रक्तदाब वाढतो, आणि मी तो वाढू देते.

पुढच्या वर्षी नवरात्रात तालुक्याला नवीन आलेले एक साहेब तपासणीला निघाले. तराफ्यावर बसायचं म्हटल्यावर ते आधीच तापले होते. चिखलात बूट भरले होते. वर्गात शिरले आणि समोर झोळ्यांची रांग. नेमकी एका झोळीतून धार लागली आणि साहेबांच्या बुटाशेजारी ओघळ आला. मी मनात म्हटलं, झालं.

"ही शाळा आहे का पाळणाघर?"

"दोन्ही आहे, साहेब," अभिजित म्हणाला. उद्धटपणानं नाही. खरंच दोन्ही होतं.

"पुरुषासारखा पुरुष आणि पाळणे हलवत बसता? लाज नाही वाटत?"

अभिजितनं ओल्या झोळीतलं लेकरू उचलून घेतलं. साहेबांनी झोळ्यांचे फोटो काढले. पोरींच्या पायातल्या दोऱ्यांचे काढले. एका पोरीची वहीसुद्धा उघडली नाही. गोदा चौथीत होती. तिला वाटलं साहेब वाचायला लावतील, म्हणून तिनं पुस्तक धडा काढून तयार धरलं होतं. ते तसंच धरलेलं राहिलं.

"उद्या एखादं पोर झोळीतून पडलं तर जबाबदार कोण?"

गयाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "सायब, तराफ्यावरून पडलं तर कोन हाय? आमची लेकरं रोज पान्यातून जायलीत. तवा कुनी इचारलं न्हाई."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, तुमच्या केंद्रात शिस्त नाही." मी त्यांना सांगितलं की हे छत तुमच्या खात्याला दर पावसाळ्यात कळवूनही गळतं आहे, आणि ते जेव्हा पडेल तेव्हा जबाबदार कोण तेही आत्ताच ठरवून टाका. ते म्हणाले, विषयाला धरून बोला. गळक्या छताखाली बसलेल्या पोरी हा त्यांचा विषय नव्हता, बूट हा विषय होता.

झोळ्या त्याच दिवशी काढायला लावल्या, त्यांच्या समोर. अभिजितनं बाह्या खाली सोडल्या, बटणं लावली आणि एकेक गाठ सोडली. झोपलेली लेकरं एकेक करून उठली, आणि त्या शांत वर्गात मी पहिल्यांदा रडारड ऐकली. पोरी आपापलं भावंड कडेवर घेऊन घरी गेल्या. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं. कुणी म्हणायची गरजच नव्हती.

मग नोटीस आली. शाळेत अपात्र बालकं बसवली, कामात हयगय केली. अभिजित अजून शिक्षणसेवक, म्हणजे तीन वर्षं कच्च्या नेमणुकीवर. त्याला ही नोटीस म्हणजे मानेवर सुरी. चौकशी चालू आहे म्हणून दिवाळीनंतरच्या जेवणाच्या सोयीला मंजुरी अडवली. आणि दिवाळी काही चौकशीसाठी थांबत नाही.

ट्रक आला त्या सकाळी मी तिथं होते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हाताऱ्यांना पुरेल एवढं मागं ठेवून उरलेलं धान्य, आणि सगळ्यावर पोरं. गोदा गोधड्यांच्या ढिगावर बसली होती, मांडीत बाळ्या. कमल खाली उभी राहून अभिजितशी बोलत होती, पण त्याच्याकडं बघत नव्हती.

"गुर्जी, राग नका धरू. औंदा सासूबाईला दम्यानं उठता येईना. दिवसा तरी कुनी पाह्यजे व्हतं. तुमच्या झोळ्या व्हत्या तवा व्हतं."

"माझी चूक झाली, कमलताई. मी साहेबांना बाहेरच अडवायला पायजे होतं."

"तुमची कशाची वो चूक," ती म्हणाली आणि चाकावर पाय देऊन वर चढली.

गोदानं वरून विचारलं, "गुर्जी, माझी चौथी?"

त्याला मी कायम "करू की" म्हणताना ऐकलं होतं. त्या दिवशी तो म्हणाला, "बघू, बाळा." ट्रक टेकडीमागं गेला तरी तो तिथंच उभा होता.

आता खरी गंमत ऐका. थंडीत साहेब पुन्हा आले. या वेळी हिंगोलीच्या बाजूनं, गाडीतून, बूट कोरडे ठेवून. वर्ग बघितला तर रिकामा. पोरं नाहीत, मग शाळा कशाला? शाळा बंद. पोरांची नावं माझ्या केंद्रशाळेच्या पटावर चढवली. समायोजन म्हणतात त्याला. म्हणजे पाण्यापलीकडची पोरं कागदावर पाणी ओलांडून माझ्याकडं आली. आधी पोरं घालवली आणि मग पोरं नाहीत म्हणून शाळा घालवली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या, आणि दोन्ही वेळा तो नियमाप्रमाणं वागला. मी नोकरीत भलेबुरे पुष्कळ साहेब पाहिले. आळशी माणसावर मला इतका राग येत नाही. हा माणूस मेहनती होता.

तालुक्याला सुनावणी झाली तेव्हा अभिजितबरोबर मी गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. त्यानं बाहेर व्हरांड्यातच बाह्यांची बटणं लावून घेतली. आत साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"साहेब, एक दोरी आणतो," तो बारीक आवाजात म्हणाला. "तुमच्या पायाच्या अंगठ्याला बांधतो. पाय हलवत ठेवा, थांबवायचा नाही, आणि माझ्यावरचा आदेश तुमच्या हातानं लिहून दाखवा. त्या पोरी त्याच अवस्थेत भागाकार करत होत्या. त्यांच्या वह्या तुम्ही बघितल्या नाहीत. आजपण मागितल्या नाहीत."

वह्यांची पिशवी त्यानं बरोबर आणली होती. ती टेबलावर ठेवली. साहेबांनी ती पेनानं बाजूला सारली आणि म्हणाले, भावनेवर शाळा चालत नाहीत. मी मग जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण बाहेरच्या शिपायानं दार उघडून आत डोकावलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, निवृत्तीला आलात, सांभाळून बोला." मी म्हटलं, निवृत्तीला आले म्हणूनच बोलतेय.

त्याला तालुक्याच्या कार्यालयात बसवलं. काम काय, तर इतर शाळांकडून आलेली माहिती संगणकात भरायची. खडूपासून लांब ठेवायची ही त्यांची शिक्षा. त्यात एक दिवस त्यानं राजीनामा दिला आणि माझ्याकडं खोरवस्तीच्या शाळेची किल्ली घेऊन आला. कोंबडी गयाबाईकडं परत देऊन आला होता. मी त्याला खूप बोलले. सरकारी नोकरी कुणी सोडतं का, दोन-तीन वर्षांत हे साहेब बदलतील, तू थांब. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी थांबू शकतो. गोदा थांबत नाही ना. ती वाढतीये."

आमच्या स्टाफरूममध्ये मग जी चर्चा झाली ती अशी: बागायतदाराचं पोरगं, त्याला काय, चोचले परवडतात. आता लग्नाला पोरगी कोण देईल? वेडाच होता तसा. त्यातल्या एकानंही खोरवस्ती पाहिली नव्हती. मी चहाचा कप तसाच ठेवून वर्गावर निघून गेले.

पुढच्या वर्षी गोदा पाचवीत, म्हणजे अधिकृतपणे माझ्या शाळेत. पावसाळ्यात ती तराफ्यावरून अधूनमधून आली. कमलला आणखी एक मुलगी झाली होती, मग गोदा यायची थांबली. दिवाळीनंतर हजेरीवर तिच्या आणि वस्तीवरच्या बाकी सगळ्यांच्या नावापुढं काय लिहायचं ते वरून कळवलं गेलं: स्थलांतरित. एवढा सुबक शब्द. त्यात पाचटही नाही, कोयताही नाही.

त्याच हिवाळ्यात मी लेकीच्या डोहाळजेवणाला सांगलीकडं गेले होते. परत येताना एका गावाबाहेर आमची एसटी थांबली. पुढं उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात कलंडला होता. माणसं पाय मोकळे करायला उतरली, मीही उतरले. शेजारी अर्धा तोडलेला फड, आणि पलीकडच्या बांधावर चिंचेचं मोठं झाड. झाडाच्या खालच्या फांदीला झोळ्या टांगलेल्या होत्या.

मला चष्मा पुसावा लागला. झोळ्यांखाली पोरी बसल्या होत्या, पायात दोऱ्या, मांडीवर वह्या. त्यांच्यात पुढं वाकून बसलेला एक उंच माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"मोठ्या बाई आल्या!" ओळखलं ते गोदानं. उठली नाही, पायात दोरी होती. दोरीच्या टोकाला तिची नवी बहीण. बाळ्या शेजारी पाटीवर रेघोट्या ओढत बसला होता. फळा म्हणून कुणाच्या तरी जुन्या दाराची फळी झाडाला टेकवलेली, आणि तिच्यावरचं ते सुरेख अक्षर गोदाचं.

अभिजित पळत आला. "बाई, तुमी? इकडं कुठं?" आमचं "तुमी" त्याच्या तोंडात बसलं होतं.

मी काही विचारायच्या आधी तोच बोलला. तोडकऱ्यांची टोळी कुठल्या कारखान्याला आली ते फोनवरून कमलनं कळवलं होतं. टोळी या फडातून त्या फडात जाते, तसा हा मोटारसायकलवर फळी बांधून मागं जातो. हा फड दुसऱ्याचा होता. पुढच्या आठवड्यात अभिजितच्या घरचा ऊस तुटणार होता.

"आणि आण्णा?"

"म्हणतात, तोडकऱ्यांची पोरं आमच्या बांधावर गोळा करायची नाहीत. लोक हसतात."

"मग?"

चष्मा वर ढकलून तो म्हणाला, "करू की."

आनंद व्हायला हवा होता, असं नंतर लेक म्हणाली. मला आनंद झाला नाही. मला इतका राग आला की गोदाशी धड बोलताही आलं नाही. ज्याला मास्तरकीचा पगार द्यायचा, त्यानं मास्तरकी करता यावी म्हणून नोकरी सोडली होती. आणि ज्या वर्गाला छत होतं, फळा होता, ओटा होता, त्याची किल्ली माझ्या कपाटात खिळ्याला लटकत होती.

कंडक्टरनं घंटी वाजवली. मी जागेवर येऊन बसले. गाडी हलली तेव्हा अभिजित परत जाऊन खाली बसला होता, एक हात झोळीवर, दुसऱ्या हातानं गोदाच्या वहीत काहीतरी दाखवत. तिनं मान हलवली, आणि त्याचं खोडून स्वतः लिहिलं.

शेजारची बाई खिडकीतून बघत होती. "कुणाची पोरं म्हणायची ही? शाळा नाही का यांना?"

"आहे की," मी म्हणाले. "परभणी जिल्ह्यात. माझ्याच शाळेच्या पटावर आहेत सगळी."

ती माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघून हसली आणि पिशवी घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसली.